हात जास्त, वेग कमी: बालेवाडीतल्या एका प्रशिक्षकाचा दिवस

पहाटे ५.००
शिवछत्रपती क्रीडासंकुल. पाण्यात उतरण्याआधी मुलांचे खांदे मोकळे करून घेतो. पोहणाऱ्याचा खांदा आठवड्यात हजारो वेळा फिरतो. दुखणी इथूनच सुरू होतात.

५.३०
५० मीटरचा तलाव, सावकाश फ्रीस्टाइल. मी फक्त डोकी बघतो. श्वासासाठी डोकं वर उचललं की कंबर बुडते आणि शरीर पाण्याला आडवं येतं. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. वेग १० टक्के वाढवला तर त्याचा विरोध साधारण २१ टक्के वाढतो. म्हणून आधी शरीर सरळ, ताकद नंतर.

६.१५
स्टॉपवॉच. लेनचे मधले २० मीटर मोजतो. तेरा वर्षांच्या एका मुलाला १२.५ सेकंद लागले. मिनिटाला ४८ आवर्तनं, म्हणजे दोन्ही हात मिळून दर आवर्तनाला २ मीटर. "आता जोरात," म्हटल्यावर आवर्तनं ५४ झाली आणि वेळ १३ सेकंदांवर गेली! पाणी पकडायच्या आधीच हात मागे निसटत होता. कोपर वर, बोटं तळाकडे, मग रेटा: एवढंच पुन्हा पुन्हा.

७.००
टर्न. फ्रीस्टाइलमध्ये भिंत सोडल्यावर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं. वर लाटा उठवण्यात जाणारी ताकद तिथे वाचते. पोरं मात्र पाचव्या मीटरलाच वर येतात.

७.३०
मुलं शाळेला.

दुपारी २.००
सकाळचे व्हिडिओ संथ गतीने बघतो.

संध्याकाळी ५.३०
जमिनीवरचा व्यायाम. त्याआधी उंची आणि पसरलेल्या हातांची लांबी वहीत. त्या मुलाचे हातपाय भराभर वाढताहेत. ते पेलणारी ताकद मागाहून येते.

७.००
त्याची आई थांबली होती. "सर, टायमिंग हलतच नाही. सराव वाढवायचा का? वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी ऑलिंपिकला गेला होता."
"हो, २००८, बीजिंग. पण आशियाई पदक त्याला २०१० मध्ये मिळालं. याचं शरीर आत्ता बदलतंय, ताई. वेळेबरोबर आवर्तनंही बघा."

रात्री ९.००
उद्याचा सराव लिहितो. त्याला स्प्रिंट नाही. ५० मीटरच्या आठ फेऱ्या, वेळ तीच ठेवून दर फेरीला एक हात कमी. जमलं तर वेग आपोआप वाढेल. न जमलं तर वाढत्या खांद्यावर उगाच भार तरी पडणार नाही.