उलगडतो, पण उकलतो का?

जीएसएलव्ही रॉकेटच्या शेंड्याला उपग्रह ठेवण्यासाठी जी पोकळी असते, तिची रुंदी चार मीटरांच्या आतलीच. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून याच रॉकेटने नेलेल्या ‘निसार’ उपग्रहाचा अँटेना मात्र १२ मीटर व्यासाचा आहे. म्हणजे तो घडी घालून वर न्यायचा आणि ७४७ किलोमीटर उंचीवर, जिथे कोणाचाही हात पोचत नाही, तिथे उलगडायचा. इस्रो आणि नासा यांच्या या उपग्रहाच्या नजरेखालून दर बारा दिवसांत पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन दोनदा जाते. धाराशिव जिल्ह्यातले तेर आणि तिथून वाहणारी तेरणा नदीही त्यात आलीच.

घडीचा अँटेना अवकाशात उघडता येतो, हे आता नवे राहिलेले नाही. पण त्याचे काम संपल्यावर पुढे काय? तो घडवताना जे साहित्य वाया जाते, त्याचे काय? पुन्हा वापरता येईल, निदान मागे कचरा ठेवणार नाही, असा अँटेना बनवता येतो का? याचे उत्तर अँटेनाच्या घडणीतच दडलेले असल्याने आधी ती घडण पाहू.

एवढा मोठा कशासाठी?

निसार हा रडार उपग्रह आहे. तो जमिनीकडे रेडिओलहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. त्याच्याकडे दोन रडार आहेत. नासाच्या एल-बँड रडारची तरंगलांबी २४ सेंटिमीटर, तर इस्रोच्या एस-बँड रडारची सुमारे ९ सेंटिमीटर. लांब लहरींचा फायदा असा की त्या ढगांतून तर जातातच, शिवाय झाडापिकांच्या पानांतूनही बऱ्याच खोल शिरतात. तेरणेच्या खोऱ्यात सोयाबीन किंवा ऊस उभा असला, तरी जमिनीतल्या ओलाव्याचा अंदाज त्यांच्यावरून घेता येतो. जमीन काही सेंटिमीटर सरकली किंवा खचली, तरी दोन फेऱ्यांच्या प्रतिध्वनींची तुलना करून ते कळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत जो विध्वंस केला, तो आठवला की या मोजणीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पण लांब लहरी सहज पसरतात, आणि त्यांचा झोत अरुंद ठेवायचा तर अँटेना रुंद लागतो. हिशोब सोपा आहे: तरंगलांबीला व्यासाने भागायचे आणि अंतराने गुणायचे. २४ सेंटिमीटरची लहर, १२ मीटरचा अँटेना आणि ७४७ किलोमीटर अंतर घेतले, तर जमिनीवरचा ठिपका सुमारे १५ किलोमीटरचा होतो. एवढ्या ठिपक्यात अख्खे तेर शिवारासकट मावेल, पण त्यातले शेत वेगळे दिसणार नाही. म्हणून उपग्रह पुढे सरकत असताना घेतलेले असंख्य प्रतिध्वनी संगणकात एकत्र जुळवतात आणि एका कितीतरी मोठ्या अँटेनाचे काम करून घेतात. नासाच्या हिशोबाने ही युक्ती नसती, तर तेवढ्या बारकाव्यासाठी सुमारे १९ किलोमीटर व्यासाचा अँटेना लागला असता. युक्ती असूनही क्षीण प्रतिध्वनी पुरेसा गोळा करायला आणि रुंद पट्टा एका दमात पाहायला १२ मीटर लागतातच.

जाळी आरशासारखी कशी वागते?

हा अँटेना पत्र्याचा नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेची ती विणलेली जाळी आहे. जाळीतून लहरी निसटत कशा नाहीत? छिद्र तरंगलांबीच्या मानाने बरेच लहान असेल, तर लहरीला ते जाणवतच नाही. तिच्या दृष्टीने जाळी म्हणजे सलग भिंत.

याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच उभे आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, ३० तबकड्यांची आहे आणि प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. तिचे शिल्पकार, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी या तबकड्यांवर पत्रा चढवला नाही. पोलादी तारांच्या दोरखंडी सांगाड्यावर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी ताणून बसवली. तिची छिद्रे मध्यभागी १० मिलिमीटरची आणि कडेला २० मिलिमीटरची आहेत. ही दुर्बीण टिपते त्या सर्वांत आखूड लहरी २० सेंटिमीटरांच्या आसपासच्या, म्हणजे कडेच्या छिद्राच्याही दहापट. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका चालतो आणि खर्चही आटोक्यात राहतो.

अवकाशात वारा नाही. तिथे जाळी लागते ती वजनासाठी आणि घडीसाठी. निसारच्या परावर्तकाचे, म्हणजे या जाळीदार अँटेनाचे, वजन सुमारे ६४ किलो आहे. १२ मीटरच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर भरते, म्हणजे दर चौरस मीटरला जेमतेम ५७० ग्रॅम. अशा जाळ्यांसाठी बहुधा मॉलिब्डेनमची केसाहून बारीक तार वापरतात. ही तार ताठ असते आणि उष्णतेने फारशी प्रसरण पावत नाही. सोने गंजत नाही, म्हणून तारा जिथे एकमेकींना टेकतात तिथला विद्युतसंपर्क वर्षानुवर्षे चांगला राहतो. विणही कापडासारखी उभ्याआडव्या धाग्यांची नसून सुयांवरच्या विणकामासारखी फासांची असते. फास सरकतात, त्यामुळे जाळी दोन्ही दिशांना ताणली जाते आणि चुरगळली तरी सळ राहत नाही.

घडी, कडे आणि ताण

मऊ जाळीला खोलगट आकार कसा येतो? भोवती एक कडे असते. निसारच्या कड्याच्या सांगाड्यात संमिश्र साहित्याच्या १२३ दांड्या आहेत. अशा रचनेत कड्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला पट्ट्यांचे एकेक त्रिकोणी जाळे ताणलेले असते, आणि दोन्ही जाळी छोट्या ताणदोरांनी एकमेकांकडे ओढलेली असतात. त्या ओढीने दोन्ही जाळी आत वाकतात. पुढच्या जाळ्यावर सोनेरी जाळी बसते. नीट पाहिले तर हा पृष्ठभाग गुळगुळीत वक्र नसतो. अनेक सपाट त्रिकोण मिळून तो वक्र झालेला असतो. त्रिकोण जितके लहान, तितका आकार खरा. आकारातली चूक तरंगलांबीच्या विसाव्या भागाहून कमी असावी, असा ढोबळ नियम धरला तर ९ सेंटिमीटरच्या लहरीसाठी चार-साडेचार मिलिमीटर एवढीच सूट मिळते. तीही १२ मीटरच्या पसाऱ्यात, उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जाताना पाळायची असते.

निसारचा अँटेना घाईने उघडला नाही. ९ ऑगस्ट २०२५ पासून अँटेना धरणारी ९ मीटर लांबीची बूम, म्हणजे सांध्यांचा दांडा, एकेक सांधा करत सुमारे चार दिवसांत सरळ झाली. १५ ऑगस्टला घडी धरून ठेवणारे बोल्ट छोट्या स्फोटांनी तोडले. घडीत दाबून साठवलेल्या ताणामुळे कडे आपोआप फुलू लागले, आणि मग मोटारींनी दोर ओढून त्याला शेवटच्या जागी आणून कुलूपबंद केले.

इथे दुसरी संधी नसते. गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाचा ४.८ मीटरचा अँटेना एप्रिल १९९१ मध्ये अर्धवट उघडून अडकला तो अडकलाच, आणि सगळी मोहीम एका लहान अँटेनावर, फार मंद गतीने माहिती पाठवून निभावावी लागली. निसारचा परावर्तकही २०२४ मध्ये बंगळुरूहून कॅलिफोर्नियातल्या कार्यशाळेत परत न्यावा लागला होता. घडीच्या अवस्थेत तो अपेक्षेपेक्षा जास्त तापेल असे आढळले, म्हणून त्यावर ऊन परतवणारे आवरण चढवले गेले. तो काढता आला, म्हणून सुधारता आला. पुनर्वापराचा पहिला धडा हाच.

भारताचा या अँटेनांशी संबंध जुना आहे. १९७४ मध्ये सोडलेल्या अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावर सुमारे ९ मीटरचा उलगडणारा अँटेना होता: ॲल्युमिनियमच्या ४८ बरगड्या आणि तांब्याचा मुलामा दिलेली कृत्रिम धाग्याची जाळी. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर त्याने ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना दूरचित्रवाणी दाखवली. धाराशिवला लागून असलेल्या गुलबर्गा जिल्ह्यातली गावेही त्यात होती. गावातला अँटेना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीचा, ३ मीटर व्यासाचा होता. आकाशात मोठी जाळी आणि खाली स्वस्त जाळी असा तो जोडीचा हिशोब होता. पुढे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने स्वतःचा ६ मीटरचा उलगडणारा अँटेना घडवला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये जीसॅट-६ वर तो कक्षेत उघडला.

कच्चे आणि पक्के

आता साहित्याकडे वळू. जाळीतले सोने आणि मॉलिब्डेनम हे मौल्यवान भंगार आहे. कार्यशाळेत उरलेले तुकडे वितळवून किंवा रसायनांनी वेगळे करून परत मिळवता येतात. अडचण दांड्यांची आहे. अशा दांड्या बहुधा कार्बन तंतूंच्या असतात आणि ते तंतू इपॉक्सी रेझिनमध्ये घट्ट बसवलेले असतात. इपॉक्सी हे थर्मोसेट रेझिन आहे.

थर्मोसेट म्हणजे काय, हे तेरमध्ये सांगणे सोपे आहे. हे संत गोरोबाकाका कुंभारांचे गाव. संतमेळ्यात काकांनी थापटण्याने एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा सर्वांना माहीत आहे. कुंभाराच्या लेखी कच्चे म्हणजे उणे. पुनर्वापराच्या हिशोबात मात्र पारडे फिरते. न भाजलेले मडके फुटले तर माती भिजवून, तुडवून पुन्हा चाकावर घेता येते. आव्यातून निघालेले मडके फुटले की त्याचे खापर होते आणि त्याची माती पुन्हा कधी होत नाही. तेरच्या मातीतून निघालेली सातवाहनकालीन खापरे म्हणूनच दोन हजार वर्षांनी संग्रहालयात पाहायला मिळतात. इपॉक्सीही तसेच आहे: उष्णता आणि दाब दिला की त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात. नंतर तापवले तर ते वितळत नाही, जळते.

थर्मोप्लास्टिक रेझिनच्या साखळ्या अशा बांधल्या जात नाहीत. ते थंड असताना कडक असते, पुरेसे तापवले की मऊ होते. पीक नावाचे अभियांत्रिकी प्लास्टिक सुमारे ३४३ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजे दांडी तापवून पुन्हा घडवता येते, तुकडे दाबून लहान भाग करता येतात, आणि दोन भाग गोंदाऐवजी वितळवून जोडता येतात. पण त्यासाठी साचे जास्त तापवावे लागतात, घट्ट रेझिन तंतूंमध्ये नीट मुरवणे अवघड जाते, आणि सततच्या ताणाखाली वर्षानुवर्षे आकार टिकतो हे दाखवून द्यावे लागते. जिथे चार मिलिमीटरांचा हिशोब आहे, तिथे थोडीशी ढिलाईही महाग पडते.

थर्मोसेट दांड्यांचेही काही करता येते. हवा कमी ठेवून त्या भट्टीत तापवल्या की रेझिन निघून जाते आणि तंतू उरतात. पण ते आखूड झालेले आणि थोडे कमजोर असतात. लांब सलग दांडीऐवजी आवरणे आणि पेट्या यांच्या कामाला येतात. विशेष म्हणजे पुनर्वापराला खरा वाव न उडणाऱ्या भागांना आहे. प्रत्येक अँटेनामागे चाचणीचे नमुने, हादरवून आणि तापवून पाहिलेली प्रतिरूपे, कापाकापीतली उरलेली चिंधी आणि मुदत संपलेले रेझिन भरलेले तंतू पृथ्वीवरच राहतात. हे भाग चिकटवण्याऐवजी बोल्टने जोडले, तर पुढच्या अँटेनाच्या चाचणीला त्यांतले पुष्कळसे कामी येतील. बोल्टचे वजन मात्र सोसावे लागेल.

वर गेलेल्याचे काय?

कक्षेतला अँटेना कोणी भंगारवाला आणायला जाणार नाही. तिथे टिकाऊपणाचा अर्थ कचरा न ठेवणे असा होतो. ३६,००० किलोमीटरवरचे उपग्रह आयुष्य संपताना आणखी काहीशे किलोमीटर वर ढकलून देतात. खालच्या कक्षेतले उतरवून वातावरणात जाळायचे असतात. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळते, टायटॅनियमला १,६६८ अंश लागतात, मॉलिब्डेनमला २,६२३, आणि कार्बन तंतू वितळतच नाहीत. म्हणजे अँटेनासाठी जे साहित्य उत्तम, तेच जाळायला चिवट. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटरचे धातूचे कडे पडले आणि परिसरात धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले.

पूर्ण जळणे हेही निरुपद्रवी नाही. वरच्या वातावरणातल्या गंधकाम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे १० टक्के कणांत जळालेल्या अवकाशयानांचे ॲल्युमिनियम आणि इतर धातू सापडतात, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात दिसले. म्हणून कमी वजनाचा, एका उपग्रहावर दोन रडारांना पुरणारा अँटेना हा जाळायला कमी असलेला अँटेनाही ठरतो. २०३० पर्यंत भारताच्या सर्व अवकाशमोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केला आहे. मोठ्या अँटेनांनाही त्यात बसावे लागेल.

हे साहित्य बनवणार कोण? ६४ किलोंच्या परावर्तकासाठी नव्या रेझिनचा कारखाना उभा राहत नाही. पण धाराशिव जिल्ह्याच्या माळांवर पवनचक्क्या फिरत आहेत, आणि अशा चक्क्यांची अनेक टनी पाती आजही मुख्यतः काचतंतू व थर्मोसेट रेझिनचीच बनतात. वीस-पंचवीस वर्षांनी ती उतरतील तेव्हा हाच प्रश्न गावकऱ्यांसमोर येईल. झेब्रा नावाच्या युरोपीय प्रकल्पाने २०२२ मध्ये थर्मोप्लास्टिक रेझिनचे ६२ मीटर लांबीचे पाते बनवून दाखवले. पात्यांसाठी अशा रेझिनचा बाजार उभा राहिला, तर निर्वात पोकळीत वाफ न सोडणारा आणि उन्हासावलीचे हजारो फेरे झेलणारा त्याचा उपग्रहासाठीचा प्रकार त्याच कारखान्यांतून निघू शकेल. मात्र तशी मागणी आधी कागदावर यायला हवी. अँटेनाच्या निविदेत व्यास, वजन आणि अचूकता यांच्याखाली आणखी एक अट असायला हवी: हे सुटे कसे होणार, आणि सुटे झाल्यावर कुठे जाणार?