केसांच्या चाचणीवरून शरीरातील खनिजांचे संतुलन कळते का?

कोलकात्याच्या दक्षिणेस हुगळीच्या पूर्व तीरावर वसलेले बजबज हे शहर दक्षिण २४ परगणा जिल्ह्यात येते. भूजलातील आर्सेनिकने, म्हणजेच सोमलाने, ग्रासलेल्या पश्चिम बंगालमधील जिल्ह्यांत त्याचा समावेश होतो. बजबज परिसरातील डोंगारिया येथे हुगळीचे पाणी शुद्ध करून ते जिल्ह्याच्या आर्सेनिकबाधित भागांना पुरविले जाते. केसांच्या चाचणीचा खरा उपयोग आणि तिच्या मर्यादा या भागाच्या अनुभवावरून समजून घेता येतात.

कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये काही रुग्णांच्या त्वचेवरील डागांचा आणि तळहातांवरील खरखरीत गाठींचा संबंध कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकशी असल्याचे दाखवून दिले. पुढे जादवपूर विद्यापीठातील डॉ. दीपंकर चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाधित गावांतील पाण्याबरोबरच रहिवाशांचे केस, नखे आणि लघवी यांचे हजारो नमुने तपासले.

आर्सेनिक रक्तात काही तासच टिकते आणि काही दिवसांत लघवीवाटे बाहेर पडते. केसांतील केराटिन या प्रथिनाला मात्र ते चिकटून राहते. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे मुळाजवळच्या ३ सेंटिमीटर केसांत साधारण तीन महिन्यांची नोंद मिळते. एक किलो केसांमागे ०.०८ ते ०.२५ मिलिग्रॅम आर्सेनिक सामान्य मानले जाते. १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक प्रमाण विषबाधेचे सूचक ठरते. तथापि, दूषित पाण्याने केस धुतल्यासही आर्सेनिक केसांवर बसते. म्हणून पाणी, लघवी आणि रुग्णाची लक्षणे यांच्यासह हा निष्कर्ष वाचावा लागतो.

याच तंत्राने कॅल्शियम, जस्त, मॅग्नेशियम आदींचे 'संतुलन' सांगण्याचा दावा काही खासगी प्रयोगशाळा करतात. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. कोंडा घालविणाऱ्या काही शाम्पूंमध्ये जस्त किंवा सेलेनियम असते. त्यामुळे अहवालातील आकडे फुगतात. उलट, कुपोषणात केसांची वाढ मंदावल्याने शरीरात जस्त कमी असूनही केसांतील प्रमाण सामान्य दिसू शकते. म्हणजेच अहवाल निर्धोक आणि रुग्ण मात्र आजारी, असे घडू शकते.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच निरोगी व्यक्तीच्या केसांचे नमुने सहा व्यावसायिक प्रयोगशाळांकडे पाठविण्यात आले. अनेक खनिजांच्या आकड्यांत दहा पटींहून अधिक तफावत आढळली. आहाराविषयीचे सल्लेही परस्परविरोधी होते. व्यक्तीच्या पोषणस्थितीचे निदान या चाचणीवरून करू नये, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

अशा अहवालावर विसंबून पूरक गोळ्या सुरू केल्यास खर्च तर होतोच, शिवाय खऱ्या आजाराचे निदान लांबते. लोहाच्या कमतरतेसाठी हिमोग्लोबिन व फेरिटिन, तर कॅल्शियमसाठी रक्ततपासणी हाच योग्य मार्ग आहे. आर्सेनिकची शंका असल्यास प्रथम पिण्याचे पाणी तपासून घ्यावे. त्याची सुरक्षित मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने आर्सेनिक नाहीसे होत नाही. सुरक्षित पाण्याचा दुसरा स्रोत शोधणे हाच पहिला उपाय होय.