विंडोज पुनर्विक्रेता वेब होस्टिंग

विंडोज पुनर्विक्रेता वेब होस्टिंग ही संकेतस्थळे आंतरजालावर ठेवण्याची सेवा पुरविण्याची एक व्यावसायिक पद्धत आहे. या पद्धतीत एखादी व्यक्ती किंवा लहान संस्था विंडोज सर्व्हर ही मायक्रोसॉफ्टची कार्यप्रणाली असलेल्या सर्व्हरवरील जागा मोठ्या पुरवठादाराकडून घाऊक दराने घेते, तिचे लहान भाग पाडते आणि ते स्वतःच्या नावाने ग्राहकांना देते. अशा मध्यस्थास पुनर्विक्रेता किंवा रिसेलर म्हणतात. सर्व्हर त्याच्या मालकीचा नसतो. तथापि संकेतस्थळ बंद पडल्यास ग्राहक त्यालाच जाब विचारतो. त्यामुळे पुरवठादार आणि नियंत्रण फलक (कंट्रोल पॅनेल) यांची निवड हा या व्यवसायातील कळीचा निर्णय ठरतो.

स्वरूप

या व्यवस्थेत पुरवठादार, पुनर्विक्रेता आणि ग्राहक असे तीन स्तर असतात. यंत्रसामग्री, वीज, जाळे, कार्यप्रणालीची अद्यतने आणि परवाने ही पुरवठादाराची जबाबदारी असते. योजना ठरविणे, खाती उघडणे, देयके पाठविणे आणि ग्राहकाच्या अडचणींचे प्राथमिक निवारण करणे ही कामे पुनर्विक्रेता करतो. त्याची स्थिती काहीशी पोटभाडेकरू ठेवणाऱ्या भाडेकरूसारखी असते. मूळ मालकाने अटी बदलल्या, तर त्याने इतरांना दिलेला शब्दही अडचणीत येतो.

विंडोजची आवश्यकता

विंडोजवरील संकेतस्थळे सामान्यतः आयआयएस या वेब सर्व्हरवर चालतात. त्याची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये आली. त्यानंतर १९९६ मध्ये एएसपी आणि २००२ मध्ये एएसपी डॉट नेट ही तंत्रे आली. जुन्या एएसपीतील, वेब फॉर्म्सवर आधारलेल्या किंवा मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचे विदागार वापरणाऱ्या प्रणालींसाठी आजही विंडोज सर्व्हर लागतो.

नव्या प्रणालींबाबत मात्र तसे राहिलेले नाही. २०१६ मध्ये आलेले डॉट नेट कोअर लिनक्सवरही चालते. एसक्यूएल सर्व्हरही २०१७ च्या आवृत्तीपासून लिनक्सवर उपलब्ध आहे. ज्यांची संकेतस्थळे पीएचपी, मायएसक्यूएल किंवा वर्डप्रेसवर आहेत, अशा ग्राहकांसाठी लिनक्स सहसा स्वस्त पडते, कारण तेथे कार्यप्रणालीच्या परवान्याचा खर्च नसतो. म्हणून ग्राहकांच्या प्रणालींना विंडोजची खरोखर गरज आहे काय, हे पुरवठादार शोधण्यापूर्वीच तपासणे इष्ट असते.

परवाने आणि विदागार

होस्टिंग पुरवठादार मायक्रोसॉफ्टचे परवाने बहुधा मासिक शुल्काच्या करारावर घेतात आणि तो खर्च सेवेच्या दरात मिळवतात. जाहिरातीत केवळ ‘एसक्यूएल सर्व्हर उपलब्ध’ असे लिहिलेले असल्यास कोणती आवृत्ती मिळणार, हे विचारावे लागते. एक्सप्रेस ही आवृत्ती विनामूल्य असते. परंतु २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिच्या प्रत्येक विदागाराला १० जीबीची मर्यादा आहे आणि ठरावीक वेळी आपोआप कामे करणारी एजंट ही सोयही तीत नाही. लहान दुकानाच्या संकेतस्थळाला ती पुरते. वर्षानुवर्षांच्या नोंदी साठविणाऱ्या संस्थेला पुरेलच असे नाही.

नियंत्रण फलक

सर्व्हरवरील खाती, विदागारे, ईमेल आणि प्रमाणपत्रे ब्राउझरमधून हाताळण्याच्या प्रणालीस नियंत्रण फलक म्हणतात.

प्लेस्क विंडोज आणि लिनक्स या दोहोंवर चालतो. त्यात प्रशासक, पुनर्विक्रेता आणि ग्राहक यांचे अधिकार वेगवेगळे ठेवता येतात. सीपॅनेल हा प्रसिद्ध फलक लिनक्ससाठीच आहे. त्यामुळे त्याची सवय असलेल्या पुनर्विक्रेत्याला विंडोजसाठी दुसरा फलक शिकावा लागतो. सॉलिडसीपी हा मुक्त स्रोत फलक डॉटनेटपॅनेल आणि वेबसाइटपॅनेल या जुन्या प्रकल्पांच्या परंपरेतील आहे. त्याला परवाना शुल्क नाही.

परवाना पुरवठादाराच्या नावे असला, तरी दरवाढीची झळ खालच्या स्तरापर्यंत पोहोचते. सीपॅनेलने २०१९ मध्ये खात्यांच्या संख्येनुसार शुल्क आकारणे सुरू केले, तेव्हा अनेक लहान खाती सांभाळणाऱ्यांचा खर्च वाढला.

फलक निवडताना पुनर्विक्रेत्याला पुरवठादाराची मदत न घेता कोणती कामे करता येतात, हे पाहणे महत्त्वाचे असते. डॉट नेटची आवृत्ती बदलणे, अ‍ॅप्लिकेशन पूल पुन्हा सुरू करणे, फोल्डरला लेखनाचे अधिकार देणे आणि विदागाराची प्रत घेणे ही रोजची कामे आहेत. लेट्स एन्क्रिप्टची विनामूल्य प्रमाणपत्रे अल्प मुदतीची असल्याने त्यांचे नूतनीकरण फलकाकडून आपोआप होणे आवश्यक असते.

पुरवठादाराच्या निवडीचे निकष

कार्यप्रणालीची आवृत्ती: विंडोज सर्व्हर २०१२ चे नियमित साहाय्य १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले, २०१६ चे १२ जानेवारी २०२७, तर २०१९ चे ९ जानेवारी २०२९ पर्यंत आहे. साहाय्य संपलेल्या आवृत्तीला सुरक्षेची नियमित अद्यतने मिळत नाहीत.

विलगीकरण: प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र अ‍ॅप्लिकेशन पूल आणि स्वतंत्र वापरकर्ता ओळख असावी. तसे नसल्यास एका संकेतस्थळातील बिघाड किंवा घुसखोरी शेजारच्या संकेतस्थळांपर्यंत पोहोचू शकते.

उपलब्धतेची हमी: ९९.९ टक्के हमीचा अर्थ ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद राहू शकते, असा होतो. भरपाई बहुधा पुढील देयकातील सवलतीच्या रूपाने मिळते. ग्राहकाच्या बुडालेल्या व्यवसायाची ती भरपाई नसते.

प्रती: राखीव प्रती दुसऱ्या ठिकाणी ठेवल्या जातात काय, हे विचारावे. प्रतीतून संकेतस्थळ प्रत्यक्ष पुन्हा उभे करून पाहिल्याशिवाय तिचा भरवसा धरता येत नाही.

कायदेशीर बाजू: भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. या नोंदी पुरवठादाराकडे असल्यास त्या पुनर्विक्रेत्याला कशा मिळतील, हे आधीच ठरवून घ्यावे लागते.

देवनागरी मजकूर

एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी मजकूर एनव्हारचार या प्रकारच्या स्तंभात साठवणे सुरक्षित असते. युनिकोड नसलेल्या व्हारचार स्तंभात तो गेल्यास अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात आणि मूळ मजकूर त्यांतून परत मिळवता येत नाही. २०१९ च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ चा पर्याय आहे. पण तो मुद्दाम निवडावा लागतो. २०१४ पासून उपलब्ध असलेली ‘.भारत’ ही डोमेन नावे फलक स्वीकारतो काय, हेही तपासावे.

स्थलांतर

पुरवठादार बदलण्याची वेळ आली, की निवडीची खरी परीक्षा होते. एसक्यूएल सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत घेतलेली प्रत जुन्या आवृत्तीत उतरवता येत नाही. डोमेन नाव पुनर्विक्रेत्याच्या किंवा पुरवठादाराच्या नावे नोंदलेले असल्यास ग्राहकाला ते सहजी हलविता येत नाही. म्हणून डोमेनची नोंदणी ग्राहकाच्याच नावे असणे आणि फाइली, विदागार व ईमेल यांच्या पूर्ण प्रती पुनर्विक्रेत्याला केव्हाही स्वतः उतरवून घेता येणे, या दोन अटी करारापूर्वीच मान्य करून घेतल्या जातात. त्यांची पूर्तता झालेली असल्यास पुरवठादाराने दर वाढविले किंवा सेवा बंद केली, तरी ग्राहकांची संकेतस्थळे दुसरीकडे नेता येतात.