फाइल लिहायची तर सातबाराही बदला

संगमनेर, लोणी, कोपरगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ऑपरेटिंग सिस्टिम शिकलेल्या मुलांना आयनोडची व्याख्या तोंडपाठ असते. स्वतःची फाइल सिस्टिम लिहायला बसलं की मात्र तारांबळ उडते. वाचण्याचा भाग दोन संध्याकाळींत उरकतो. खरी मेख लिहिण्यात आहे.

सुरुवात फ्यूजवर करावी. ते २००५ साली लिनक्स कर्नेलच्या २.६.१४ आवृत्तीत आलं. त्यामुळे कर्नेलला हात न लावता साध्या प्रोग्रॅममधून फाइल सिस्टिम चालवता येते. चुकलंच तर आपला प्रोग्रॅम कोसळतो, मशीन सहसा शाबूत राहतं.

आयनोड म्हणजे सातबारा

जमीन शिवारात असते आणि सातबारा तलाठ्याच्या दप्तरात. फाइलचंही तसंच. मजकूर डिस्कवरच्या ब्लॉकांत आणि त्याचा आकार, मालक, परवानग्या, वेळा आयनोडमध्ये. आयनोड क्रमांक हा गट नंबर समजा. फाइलचं नाव मात्र आयनोडमध्ये नसतं, ते डिरेक्टरीत असतं. म्हणून रीनेम केलं तरी आयनोड तोच राहतो. अहमदनगर जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला, गट नंबर होते तेच राहिले.

आधी गेटअ‍ॅटर

कर्नेल जवळपास प्रत्येक कामाआधी आपल्या गेटअ‍ॅटर फंक्शनला विचारतो: ही वस्तू आहे का, आणि आहे तर काय आहे? नसेल तर ‘नाही’ हा ठराविक एरर कोड परत द्यायचा. असेल तर ती फाइल की डिरेक्टरी हे मोड या रकान्यात सांगायचं. मोड शून्य ठेवला तर समोर ‘इनपुट-आउटपुट एरर’ येतो आणि माणूस डिस्कला शिव्या देतो.

माझ्या पहिल्या प्रयत्नात मजकूर मेमरीत व्यवस्थित साठत होता, पण कॅट कमांड काहीच दाखवत नव्हती. अख्खा दिवस राइट फंक्शन तपासण्यात गेला. दोष तिथे नव्हताच. गेटअ‍ॅटर आकार शून्य सांगत होतं, आणि सातबारावर क्षेत्र शून्य असेल तर कर्नेल शिवारात पाऊलही टाकत नाही.

राइट आणि उरलेलं ‘नगर’

राइटला तीन महत्त्वाच्या गोष्टी मिळतात: बाइट, त्यांची संख्या आणि कुठून लिहायचं ती जागा, म्हणजे ऑफसेट. ऑफसेट अधिक संख्या जुन्या आकारापेक्षा जास्त भरली तर आकार वाढवायचा, कमी भरली तर तसाच ठेवायचा. ऑफसेट फाइलच्या शेवटापलीकडे असेल तर मधली पोकळी शून्य बाइटांची वाचली गेली पाहिजे. शेवटी किती बाइट लिहिले तो आकडा परत द्यायचा. सवयीने शून्य परत दिलंत तर कर्नेल समजतो, काहीच लिहिलं गेलं नाही.

आता गंमत पाहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-वेलांटी आणि हलन्तसुद्धा. ‘अहिल्यानगर’ची चिन्हं दहा, म्हणजे ३० बाइट. ‘अहमदनगर’ची सात, म्हणजे २१. फाइलमध्ये ‘अहिल्यानगर’ आहे, आणि जुन्या दस्तासाठी कुणी सुरुवातीपासून ‘अहमदनगर’ लिहिलं. राइटने आपलं काम चोख केलं, तरी फाइलमध्ये उरतं ‘अहमदनगरनगर’. शेवटचे नऊ बाइट कुणी कापलेच नाहीत.

हे कापणं ट्रंकेटचं काम. शेलमध्ये ‘>’ वापरलं की फाइल आधी रिकामी व्हायची असते. फ्यूजच्या जुन्या लायब्ररीत त्यासाठी ट्रंकेटला वेगळी हाक येते. तिसऱ्या आवृत्तीत फाइल रिकामी करण्याचा ध्वज (फ्लॅग) थेट ओपनकडे येतो. जुनं उदाहरण नव्या लायब्ररीवर चालवणारे इथेच फसतात.

वेळांचा घोळ

आयनोडमधल्या वेळांपैकी एमटाइम मजकूर बदलला की बदलतो. सीटाइम मजकूर किंवा गुणधर्म, काहीही बदललं की बदलतो. सीटाइमला ‘क्रिएशन टाइम’ समजणं ही सर्रास होणारी चूक आहे. परवानग्या बदलल्या तर फक्त सीटाइम हलतो. वेळा बदलण्याचं फंक्शन लिहिलंच नसेल, तर टच कमांड फाइल तयार करते आणि वर तक्रारही करते.

फेरफार आधी, सातबारा मग

मध्येच वीज गेली तर? मजकूर गेला डिस्कवर, आकार राहिला जुना. महसूल खात्याने यावर केव्हाच तोडगा काढलाय. बदल आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत चढतो. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. फाइल सिस्टिमचं जर्नल म्हणजे हीच वही. लिनक्सच्या एक्स्ट घराण्यात ती एक्स्ट३ सोबत २००१ साली मुख्य कर्नेलमध्ये आली. नेहमीच्या पद्धतीत तिच्यात फक्त नोंदी चढतात, मजकूर आधीच डिस्कवर पोचवलेला असतो. शिकाऊ प्रकल्पात जर्नल लगेच लिहू नका. आधी आकार आणि मजकूर जुळवा.

त्याची चाचणी साधी आहे. ओळ न तोडता ‘>’ने आधी ‘अहिल्यानगर’ लिहा, मग त्याच फाइलवर ‘अहमदनगर’, आणि बाइट मोजा. २१ यायला हवेत. ३० आले तर राइटच्या मागे लागू नका, ट्रंकेट आणि ओपन उघडून बघा.