ठोसा लागतो कानाला

"हा तं मारूनच नाही राह्यला. मंग तो पडते काहून?"

मामांचा हा प्रश्न सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच आला. नाचणगावातली मे महिन्यातली दुपार. पुढच्या खोलीत कूलर, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या, आत मामी अडकित्त्याने कैऱ्या फोडताहेत आणि टीव्हीवर १९७६ सालचा 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन'. मामांचा उजवा कान वयानं गेला, डाव्यात यंत्र असतं. घाम आला की ते काढून खिशात ठेवायची सवय. म्हणजे मामा त्या वेळी निव्वळ डोळ्यांनी सिनेमा पाहत होते, आणि डोळ्यांना दिसत होतं ते त्यांनी सांगून टाकलं.

सिनेमा तैवानी, थोडक्या पैशांत उरकलेला. एक आंधळा म्हातारा मारेकरी आपल्या दोन शिष्यांचा सूड घ्यायला निघालाय. शत्रू एकहाती आहे एवढंच त्याला ठाऊक, म्हणून वाटेत भेटेल त्या एकहाती माणसाचं मुंडकं उडवत जातो. हत्यार असं की साखळीला बांधलेली टोपी भिरकावायची, ती डोक्यावर बसली की आतली पाती मिटतात. मामा म्हणाले, "हे तं कोंबड्या झाकाचं डालं हाय." मला त्याहून नेमकं वर्णन सुचलेलं नाही.

एकहाती नायक म्हणजे जिमी वांग यू. दिग्दर्शनही त्याचंच. हा गडी मुळात हाँगकाँगमधला पोहण्यातला विजेता. १९६७च्या 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'नं त्याला मोठं केलं, पुढे शॉ ब्रदर्स कंपनीशी करारावरून फाटलं आणि तो तैवानला गेला. दुसरा हात अंगरख्याखाली बांधून ठेवलाय हे मामांच्या नातवानं पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. "आबा, तो फुगा पाहा पोटाशी!" मग सबंध सिनेमाभर त्याचा धंदा एकच, तो हात कुठे कुठे हलतो ते मोजणं. प्रेक्षक म्हणून मला तो फार आवडला.

पण मामांच्या प्रश्नाचं काय? ठोसा खरोखरच लागत नाही. पुष्कळदा तो वितभर लांबून जातो. आपल्याला दोन डोळे, दोघांना थोडं वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. कॅमेऱ्याला डोळा एकच. मुठीच्या आणि जबड्याच्या रेषेतच तो उभा केला की मधली वीत नाहीशी होते. शिवाय फिल्म सेकंदाला चोवीस चित्रांऐवजी वीस चित्रांनी फिरवायची आणि दाखवताना चोवीसनं दाखवायची, म्हणजे सहा सेकंदांची मारामारी पाच सेकंदांत आटोपते. लढणारे चपळ दिसतात, आणि फट शोधायला आपल्याला सवड मिळत नाही. कपड्यांवर आधीच पावडर टाकून ठेवतात. फटका लागला की धुरळा उडतो, जणू अंगातून जीवच बाहेर पडला. इतकं करूनही कान बंद असलेल्या मामांना कुणी फसवू शकलं नाही.

तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला. त्यांनी पडद्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. "काय जी, याच्याकडे दोनच लाकडं हायेत काय? डोकं फुटलं तरी तेच वाजते, पाय मोडला तरी तेच."

हे ऐकून मी उडालोच. त्या काळचे हाँगकाँग-तैवानचे सिनेमे बहुतेक मुके चित्रित होत. एक नट मँडरिन बोले, दुसरा कॅन्टोनीज, आणि सिनेमा विकायचा असे निम्म्या जगात. त्यामुळे संवाद, श्वास, पावलं, सगळं मागाहून चिकटवायचं. फटक्यांचे आवाज तर ठरलेल्या साठ्यातले, तेच ते सिनेमामागून सिनेमात वापरलेले. या सिनेमाचं संगीतसुद्धा नोय, टँजरिन ड्रीम, क्राफ्टवर्क अशा जर्मन बँडच्या तबकड्यांवरून उचललेलं. चीनमधला आंधळा साधू जर्मन यंत्रसंगीताच्या तालावर चालत येतो आणि ते विलक्षण शोभतं! हॉलिवूडवाले हाड मोडल्याचा आवाज काढायला सेलरीच्या दांड्या मोडतात. मामींच्या अडकित्त्याखाली कैरीची कोय फुटत होती, तो आवाज मला या सिनेमातल्या सगळ्या बरगड्यांपेक्षा खरा वाटला.

मग मी मामांना यंत्र लावायला सांगितलं. तोच प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. या वेळी पहिल्याच लाथेला मामांची मान झटकन मागे गेली. "आता लागते बावा," ते म्हणाले. त्यांनी यंत्र काढलं, पुन्हा पाहिलं. "आता नाही लागत." पुन्हा लावलं. चारदा हा खेळ झाला. आपण काय केलं हे मामांना ठाऊक नव्हतं, पण असाच एक प्रयोग १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आला होता. रॉबर्ट सेक्युलर, त्यांची लेक ॲलिसन आणि रेनी लाउ या तिघांचा. पडद्यावर दोन ठिपके समोरासमोरून येतात, एकमेकांवर येतात आणि पुढे जातात. आवाज नसला तर बहुतेकांना ते आरपार गेलेले दिसतात. नेमक्या भेटीच्या क्षणी 'टक्' असा आवाज केला, की तेच ठिपके आपटून माघारी फिरल्यासारखे दिसतात. चित्रात काडीचाही बदल नाही. मेंदू कानाची साक्ष घेतो आणि डोळ्यांचा जबाब बदलून टाकतो.

अट एवढीच की आवाज वेळेवर आला पाहिजे. ही अट पुलगाव-नाचणगावच्या माणसाला वेगळी समजवायला नको. शेजारी लष्कराचा दारूगोळा डेपो. खरा स्फोट दूर झाला तर उजेड आधी येतो आणि आवाज किलोमीटरला साधारण तीन सेकंद उशिरानं. ३१ मे २०१६च्या मध्यरात्री डेपोला आग लागली, तेव्हाच्या धडाक्यांची आठवण निघाली की मामा अजून गप्प होतात. सिनेमातला आवाज मात्र मुठीसोबतच येतो, मैलभर लांबच्या तोफेचासुद्धा. खोटेपणाची ही खूण मामांनीच मला दाखवली.

मधे एक कुस्त्यांच्या दंगलीसारखी स्पर्धा येते, त्यात चक्क आपल्याकडचा योगी उतरतो. चिनी नटाला काळा रंग फासलेला, डोक्याला फेटा, आणि लढता लढता त्याचे हात रबरासारखे लांबत जातात. मामा बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "असा हात असता तं कापूस येचाले बरं झालं असतं." नातू ओरडला, "हा तर गेममधला धालसिम!" त्याचं चुकलं नव्हतं. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९९१च्या 'स्ट्रीट फायटर टू' खेळातला लांब हातांचा धालसिम याच योग्यावरून सुचला असं मानतात. वर्गणी न काढता, ठराव न करता भारताचा प्रतिनिधी जगभरच्या व्हिडिओ पार्लरांत पोचला तो असा.

शेवटाकडे सिनेमा हुशार होतो. आंधळा मारेकरी कानांनी लढतो. पावलांवरून, श्वासावरून, कपड्याच्या सळसळीवरून तो टोपी भिरकावतो. म्हणून नायक त्याला पक्ष्यांच्या दुकानात ओढून नेतो. सगळीकडे पिंजरे, फडफड आणि चिवचिवाट. त्या गलक्यात म्हाताऱ्याला समोरचा माणूस सापडेना. मामांचं यंत्र कानात होतं, नातवाचं हात मोजणं थांबलं होतं, मी आवाज दोन घरं वाढवला.

स्वयंपाकघरात अडकित्ता आदळला. मामी पदर खोचत, हातात लाटणं घेऊन, आमच्याकडे न बघता खोलीतून तरातरा जिन्याकडे गेल्या.

"बसा तिथंच! चिमण्या कुरड्या खाऊन राह्यल्या वरती, आन् तुमाले आयकू नाही येत?"