कायदा कुणाच्या संमतीने?

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘संमती’ हा शब्द पहिल्याच वर्षी भेटतो. शासनाला अधिकार मिळतो तो शासितांच्या संमतीतून, असे जॉन लॉक सांगतो. परीक्षेपुरते हे पाठ करणे सोपे आहे. पण ज्याची संमती कोणी कधी विचारलीच नाही, त्याने कायदा का पाळावा? हा प्रश्न मला लॉकच्या ग्रंथापेक्षा अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांत अधिक धारदार वाटला. (खुद्द लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतलेले होते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

१८५० मध्ये अमेरिकेत पळालेल्या गुलामांसंबंधी कायदा झाला. ज्या राज्यांत गुलामगिरी नव्हती तेथील नागरिकांवरही त्याने सक्ती केली. आश्रय देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्याला स्वतःची साक्ष देण्याची सोय नव्हती. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर आणि सोडून दिला तर पाच डॉलर मिळत. या कायद्याने अस्वस्थ होऊन हॅरिएट बीचर स्टो यांनी ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिली. १८५१ पासून ती एका साप्ताहिकात क्रमशः आली, १८५२ मध्ये पुस्तक निघाले आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या.

कादंबरीत बर्ड नावाचे एक सिनेटर आहेत. पळालेल्यांना मदत करू नये, अशा ठरावाच्या बाजूने मत देऊन ते घरी येतात. पत्नी वाद घालते, ते राज्यहिताच्या गोष्टी सांगतात. तेवढ्यात लेकराला घेऊन पळालेली एलायझा त्यांच्याच स्वयंपाकघरात येते, आणि त्याच रात्री सिनेटरसाहेब स्वतः गाडीतून तिला सुरक्षित जागी पोहोचवतात. प्रसंग हृद्य आहे, पण विचाराच्या दृष्टीने मला तो थोडा लंगडा वाटतो. सिनेटरांना दया आली म्हणून एलायझा सुटली. उद्या दया न येणाऱ्याचे दार वाजवावे लागले तर?

त्याचे उत्तर एलायझाचा नवरा जॉर्ज हॅरिस देतो. वेषांतर करून पळताना एका खाणावळीत त्याला कारखान्याचा जुना मालक विल्सन भेटतो. विल्सन मनाने चांगला आहे. पण तो म्हणतो, अरे, तू आपल्या देशाचे कायदे मोडतोस! जॉर्ज विचारतो, माझा देश कोणता? हे कायदे आम्ही केले नाहीत, त्यांना संमती दिली नाही, आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही. चार जुलैला तुम्हीच भाषणांत सांगता ना, की सत्ता शासितांच्या संमतीतून येते? विल्सनजवळ याला उत्तर नाही. लॉकच्या मते गुलामगिरी म्हणजे जेता आणि कैदी यांच्यातले चालूच राहिलेले युद्ध. त्या हिशेबाने जॉर्जच्या पट्ट्यातली पिस्तुले बेकायदा ठरवणार तरी कोण?

मात्र शेवटी स्टो जॉर्जला लायबेरियाला पाठवतात. त्याच्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेने अमेरिकेतच द्यावे, एवढे धाडस कादंबरीला झाले नाही.

ते धाडस फ्रेडरिक डग्लस यांनी केले. ते स्वतः १८३८ मध्ये गुलामगिरीतून पळाले होते. त्यांची ‘द हिरोइक स्लेव्ह’ ही दीर्घकथा १८५३ ची. तिच्यामागे खरी घटना आहे. १८४१ मध्ये व्हर्जिनियाहून न्यू ऑर्लिन्सला विक्रीसाठी नेले जाणारे शंभरावर गुलाम ‘क्रिओल’ जहाजावर होते. त्यांच्यापैकी काहींनी बंड करून जहाज ब्रिटिशांच्या नासाऊ बंदरात नेले आणि तेथे ते मुक्त झाले. पुढाऱ्याचे नाव मॅडिसन वॉशिंग्टन. व्हर्जिनियाच्याच दोन राष्ट्राध्यक्षांची नावे या एका गुलामात एकत्र आलेली! डग्लस यांनी या योगायोगाचा पुरेपूर उपयोग केला. १७७६ साली त्या थोर पुरुषांनी जे केले तेच आपण केले, असे त्यांचा नायक ठणकावतो. त्याला कोणाची दया नको आहे.

यातली खरी खुबी मला निवेदनात दिसते. बंडाची हकीकत सांगतो तो जहाजावरचा गोरा अधिकारी ग्रँट. हा माणूस थोर होता, त्याची तत्त्वे १७७६ चीच होती, हे तो कबूल करतो. पण ती काळ्या माणसात मान्य करायला आपले मन तयार होईना, हेही सांगतो. तर्क पटूनही माणूस कुठे अडतो, ते डग्लस यांनी असे प्रतिपक्षाच्याच तोंडून वदवले आहे.

१८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतील गुलामगिरी संपली. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ त्या कामी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. ती कादंबरी नव्हे, संवाद आहे. धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. विल्सनपेक्षा धोंडिबा पुष्कळच मोकळ्या मनाने ऐकतो.