राजाची एकच उडी

बुद्धिबळाच्या पटावर सर्वांत मोलाचा कोण? राजा. आणि सर्वांत अवघडलेला कोण? तोही राजाच! वजीर पटभर धावतो, घोडा दुसऱ्यांच्या डोक्यावरून उडतो; राजाला मात्र एका वेळी एकच घर. त्याची ही दैना पाहूनच की काय, आपल्या जुन्या देशी खेळाने त्याला एक सवलत दिली आहे. साऱ्या डावात एकदाच त्याने घोड्यासारखी अडीच घरांची उडी घ्यावी. अट एवढीच की, तोवर त्याला एकही शह बसलेला नसावा. शह बसला की उडी गेली ती गेलीच. गावोगावचे पोटनियम निराळे. पण सर्वसाधारण रीत ही अशी.

ही सवलत खरोखर कितपत कामाची? प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही. सोलापुरात आमच्या शेजारी जुन्या रीतीने खेळणारे एक आजोबा आहेत. त्यांच्या बरोबरीचे गडी आता उरले नाहीत. उरली आहे ती माझी भाची, आणि ती क्लासात नवे नियम शिकलेली!

"आजोबा, तुमची ती उडी म्हणजे चलनातून गेलेला आणा आहे," ती म्हणते.

"आणि तुझा राजा हत्तीला ओलांडून कोपऱ्यात दडतो, तो गं कुठला पराक्रम?" आजोबा विचारतात.

या वादात पट पुष्कळदा तसाच मांडलेला राहतो. तेव्हा कोणाचे नाणे किती खरे, हे एकदा तोलून पाहणे भाग आहे.

भाचीची बाजू आधी घेऊ. कॅसलिंगमध्ये, म्हणजे किल्लेकोटात, एका चालीत दोन कामे होतात. राजा तीन न हललेल्या प्याद्यांच्या आड जातो आणि हत्ती मध्यभागाकडे येतो. शिवाय शह बसून गेला तरी, राजा जागचा हलला नसेल तर, हा हक्क शाबूत राहतो. देशी उडीत हत्ती जागच्या जागी, आणि राजा दुसऱ्या ओळीत, जरा उघड्यावरच.

आता आजोबांची बाजू. किल्लेकोटासाठी मधला उंट आणि घोडा बाहेर काढावे लागतात. उंटाला वाट द्यायची तर एक प्यादेही हलवावे लागते. उडीला यांतले काही नको. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवले की त्या रिकाम्या घरात राजा टुणकन हजर! दोन चालींत काम फत्ते. पुढे उंट-घोडा निघाले की पहिली ओळ मोकळी, आणि हत्ती थेट राजाच्या जुन्या घरापर्यंत जाऊ शकतो.

खरी गंमत निराळीच आहे. ही उडी मारण्याआधीच प्रतिपक्षाला टोचू लागते. परवा भाचीने केवळ ती मोडण्यासाठी उंटाने घाईघाईने शह दिला. आजोबांनी उंटावरच्या प्याद्याला एक घर पुढे सारून आड घातले; उंटावरच मार आला आणि त्याला परत फिरावे लागले. उडी गेली खरी, पण भाचीची एक चाल फुकट गेली. माझ्या हिशेबी या सवलतीचे मोल हेच: सुमारे एक चाल. थोडे खरे, पण शून्य नव्हे.

ही उडी आपलीच विक्षिप्त कल्पना, असेही नाही. मध्ययुगीन युरोपातही राजाला लांब उडीची मुभा असे; किल्लेकोट त्यातूनच जन्मला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे वजीर आणि उंट बलवान झाले, खेळाला वेग आला आणि राजाला भक्कम आडोसा लागू लागला. आपल्याकडे प्यादे सहसा पहिल्या खेपेलाही एकच घर चाले. डाव सावकाश उलगडे, शहही उशिरा येई. अशा खेळाला उडी पुरत होती. सवलत दुबळी की सबळ, हे ती ज्या खेळात वापरायची त्यावर ठरते.

तो खेळ मागे पडत गेला. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले, तेच मुळी युरोपीय रीतीला जुळवून घेऊन. पण जुन्या खेळाने माणूस अडाणी राहतो म्हणावे, तर मीर सुलतान खान आठवतात. देशी नियमांत वाढलेले हे गृहस्थ १९२९ मध्ये इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी, पुन्हा १९३२ व १९३३ मध्ये, ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसले!

म्हणून मी तोड सुचवली: भाचीने किल्लेकोट करावा, आजोबांनी उडी मारावी. दोघांनीही ती मानली, कारण हवा होता तो डाव. नियम हे निमित्त.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत फराळाची ताटे उचलली गेली की पट काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांचे नियम विचारा आणि एक डाव त्यांच्या रीतीने खेळा. मात्र राजाची उडी फार जपून ठेवू नका. शह काही विचारून येत नाही.